शेंदुरातल्या चार हाथाजोड्या

हाथाजोडी म्हणजे एखाद्या दुर्मीळ झाडाची मुळी, असं ती घेणाऱ्याला सांगितलेलं असतं. दोन हात जोडल्यासारखा आकार, वर जाडसर शेंदूर, सोबत लवंगा-वेलदोडे आणि चांदीसारखी दिसणारी डबी. तिजोरीत ठेवली की पैसा टिकतो, कोर्टात बाजू आपल्याकडे झुकते, असा तिचा प्रचार. प्रत्यक्षात ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. सरडे, पाली, घोरपडी यांच्या नरात हा अवयव जोडीने असतो, म्हणून ते ‘जोडलेले हात’. एक जोडी म्हणजे मेलेला एक नर. हा हिशोब आधीच लक्षात ठेवायला हवा, कारण पुढे हे प्रकरण संख्येपाशीच येऊन अडतं.

सिंहगडच्या कथेतली यशवंती आपल्याकडे प्रत्येक शाळकरी पोराला माहीत असते, पण घोरपड किती कडक संरक्षणाखाली आहे हे फार थोड्यांना. भारतीय घोरपड वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. २०२२ च्या दुरुस्तीने सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून ती रचना लागू झाली, तरी घोरपड पहिलीतच राहिली. शिक्षा किमान ३ वर्षं कैद, कमाल ७ वर्षं, आणि दंड किमान २५,००० रुपये. त्यात कलम ५७ असं की, वन्यप्राण्याची वस्तू एखाद्याच्या ताब्यात होती हे एकदा सिद्ध झालं की तो ताबा बेकायदा आहे असंच गृहीत धरलं जातं आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. इतका जड कायदा हातात असताना ‘वस्तू वन्यप्राण्याचीच आहे’ हे आपलं पहिलं वाक्य पक्कंच असायला हवं.

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत आम्ही वनखात्याचे लोक आणि प्रयोगशाळा सहायक यांच्यासाठी डीएनए तपासणीचं शिबिर घेतो. व्याख्यानं थोडी, हाताने काम जास्त. ठाणे, पालघर, रायगडकडचे वनरक्षक आणि वनपाल येतात, एखाद-दुसरे वनक्षेत्रपाल असतात, नुकतेच रुजू झालेले सहायक आणि काही एमएससीची मुलं असतात. या भागात हे काम लागतंच. बंदर इथे, विमानतळ इथे, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान शहराच्या पोटात, आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोचं पश्चिम विभागाचं कार्यालय नवी मुंबईत. तरीही वर्षानुवर्षं नमुने हैदराबाद किंवा डेहराडूनला जात आले आहेत, आणि अहवालाची वाट पाहण्यात दोषारोपपत्राची मुदत डोक्यावर येते हे इथल्या प्रत्येक तपासी अंमलदाराने अनुभवलेलं आहे.

या वेळचा सराव निकाल लागलेल्या एका जुन्या प्रकरणातल्या मुद्देमालावर होता. न्यायालयाच्या परवानगीने तो प्रशिक्षणासाठी ठेवलेला आहे. पूजासाहित्याच्या एका दुकानातून जप्त केलेली एक डबी, तिच्यात चार हाथाजोड्या. सोबत पंचनाम्याची प्रत, नावं काळी केलेली. पंचनाम्यात डबीबद्दल एकच ओळ होती: ‘शेंदूर लावलेल्या हाथाजोडी, ४ नग, एका डबीत, जागीच सीलबंद.’ ती ओळ सगळ्यांनी वाचली आणि पुढे गेले. चार गटांना एकेक नग दिला, क, ख, ग आणि घ. उत्तरं फक्त आम्हा शिकवणाऱ्यांना माहीत होती, आणि तीही सगळी नव्हती हे पुढे कळलं.

पहिला दिवस पिपेट हातात बसवण्यात गेला. रंगीत पाणी उचलायचं, सोडायचं, तराजूवर तोलायचं. अंगठ्याखालचं बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, द्रव उचलायचा, सोडताना दुसऱ्या थांब्यापर्यंत जायचं. बिबट्याला पिंजऱ्यातून हलवताना ज्यांचा हात थरथरत नाही अशी माणसं दोन मायक्रोलिटर उचलताना श्वास रोखून उभी असतात. मला हा दिवस फार आवडतो. प्रयोगशाळेतून आलेलं पाकीट उघडून शेवटचं पान वाचणाऱ्या माणसाला तो आकडा कुठून येतो हे पहिल्यांदा कळतं.

मग खरं काम. नगाचा छोटा तुकडा कापायचा, बारीक करायचा, प्रोटिनेज-के घातलेल्या द्रावणात ५६ अंशांवर रात्रभर ठेवायचा. सकाळी ऊती विरघळलेली असते. मग सिलिकाच्या कॉलममधून डीएनए वेगळा करायचा. पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं. यासाठी आपण मायटोकॉन्ड्रियातला डीएनए पाहतो. पेशीत केंद्रक एकच असतं, मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या मात्र शेकडो-हजारो प्रती असतात, त्यामुळे वाळलेल्या, शिजलेल्या, कुजलेल्या नमुन्यातही काही हाती लागण्याची आशा राहते. कुठला तुकडा वाढवायचा ते प्राइमर नावाचे डीएनएचे छोटे तुकडे ठरवतात. आम्ही सायटोक्रोम-बी जनुकाची प्राइमरची जोडी वापरली, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली. ती सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे, सगळ्यांवर चालते आणि सुमारे ४७० अक्षरांचा तुकडा वाढवते. सगळ्यांवर चालते यात माणूसही आला.

प्रत्येक गटाला दोन कोऱ्या ट्यूब सोबत चालवायच्या होत्या. एक डीएनए काढण्याच्या टप्प्यापासूनची, जिच्यात नमुना सोडून सगळं घालायचं, आणि दुसरी फक्त पीसीआरच्या वेळची. ‘यात काहीच नाही तर चालवायची कशाला’ हा प्रश्न दर शिबिरात येतो, याही वेळी आला.

पीसीआरमधून निघालेलं द्रावण जेलच्या पातळ वडीत रांगेने सोडतात; डीएनए वाढला असेल तर तिथे रेघ दिसते, तो बँड. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेल दिव्याखाली धरलं तेव्हा चित्र असं होतं. क च्या रांगेत काहीच नाही. ख ला सुरेख, ठळक बँड. ग लाही बँड, पण त्याच्या पहिल्या कोऱ्या ट्यूबलाही फिकट बँड. घ ला काहीच नाही. ख गटाने टाळ्या वाजवल्या. जेल वाचणारा नवखा माणूस म्हणेल की ख आणि ग घोरपडीच्या, क आणि घ बनावट. यातली दोनच उत्तरं बरोबर होती, ग आणि घ यांची. तीही जेलवरून ठरणारी नव्हती.

घ गटात रायगडकडचे एक जुने वनपाल होते. त्यांनी कात्री लावण्याआधी नग खिडकीपाशी नेला, कापसाने थोडा शेंदूर पुसला, नखाने खालची कड चाचपली आणि म्हणाले, “मॅडम, याला शिवण आहे.” साच्यातून काढलेल्या वस्तूला दोन अर्ध्यांच्या जोडाशी जी बारीक रेघ राहते, ती. खऱ्या हाथाजोडीचा साचा करून प्लास्टिकच्या नकला बाजारात विकल्या जातात हे ठाऊक असलेली गोष्ट आहे. गटाने तरीही पूर्ण तपासणी केली, जेल कोरं आलं आणि वहीत लिहिलं, ‘वस्तू साच्यातली, डीएनए मिळाला नाही.’ पाहिलेलं आधी, मोजलेलं नंतर, आणि दोन्ही लिहिलेलं.

क आणि घ यांचं जेल अगदी एकसारखं दिसत होतं, अर्थ मात्र उलटे. हे कळायला एक साधी युक्ती आहे. दोन्ही द्रावणांत शेळीचा माहीत असलेला डीएनए थोडा मिसळून पीसीआर पुन्हा लावला. घ मध्ये शेळीचा बँड झळकला, म्हणजे अभिक्रिया नीट चालत होती आणि नमुन्यातच काही नव्हतं. क मध्ये शेळीही दिसली नाही. क चं द्रावण निरखून पाहिलं तर त्याला गुलाबी झाक होती. शेंदूर आणि तेल डीएनएबरोबर कॉलममधून खाली उतरलं होतं आणि पीसीआरमध्ये प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज विकराला कामच करू देत नव्हतं. द्रावण दहापट पातळ केलं, मिश्रणात असे अडथळे कमी करणारं बीएसए हे प्रथिन घातलं, आणि क चा बँड वर आला. त्याचा सिक्वेन्स, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा क्रम, भारतीय घोरपडीशी ९९ टक्क्यांहून जास्त जुळला. पहिलं जेल पाहून कुणी ‘प्राण्याचा अंश आढळला नाही’ असं लिहून मोकळं झालं असतं, तर पहिल्या अनुसूचीतला मुद्देमाल एका वाक्यात सुटला असता.

बीएसएबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. ते गायीच्या रक्तातलं प्रथिन आहे. हलक्या प्रतीचं घेतलं तर त्यात गायीच्या डीएनएचा अंश असू शकतो. घोरपडीच्या प्रकरणात हे चटकन लक्षात येईल. मांसाच्या प्रकरणात मात्र, तेही महाराष्ट्रात, कोऱ्या ट्यूबशिवाय कुणी गायीचा सिक्वेन्स कागदावर आणला तर एखाद्या माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होऊ शकतं. ‘काहीच नाही तर कशाला’ या प्रश्नाचं मी देते ते उत्तर हेच.

ग चं कोडं लवकर सुटलं. पीसीआरची कोरी ट्यूब स्वच्छ होती, डीएनए काढतानाची नव्हती, म्हणजे भेसळ त्या टप्प्यावर झाली. सिक्वेन्सच्या आलेखात जागोजागी एका शिखराखाली दुसरं शिखर होतं, दोन जीव एकमेकांवर छापल्यासारखे. एक माणूस, दुसरी घोरपड. गटातल्या मुलीला आठवलं, कॉलमचं काम चालू असताना एकाने हातमोजा घातलेल्याच हाताने मास्क सरकवून घाम पुसला होता. नवीन तुकडा, नवे हातमोजे, पुन्हा सगळी पायरी, आणि ग ची स्वच्छ घोरपड मिळाली. अशी भेसळ शिबिरात होणं चांगलंच. ती इथे व्हावी आणि प्रकरणात होऊ नये म्हणूनच तर हा खटाटोप.

राहिला ख, ज्याने टाळ्या मिळवल्या होत्या. त्याच्या दोन्ही कोऱ्या ट्यूब स्वच्छ होत्या. सिक्वेन्स निर्मळ, एकेरी शिखरं, भारतीय घोरपड, जुळणी उत्तम. प्रयोगशाळेच्या कुठल्याही निकषावर हा त्या आठवड्यातला सर्वांत चांगला निकाल होता. आणि ख प्लास्टिकचा होता.

आम्हाला ते माहीत होतं. जुन्या नोंदीत ख आणि घ बनावट असल्याचं होतं, कारण क आणि ग यांच्या एक्स-रेमध्ये घोरपडीच्या या अवयवात असणारी हाडासारखी कडक रचना दिसली होती आणि ख, घ मध्ये नव्हती. ख वर डीएनए तपासणी मात्र पूर्वी झालीच नव्हती. त्यामुळे तो बँड पाहून क्षणभर आम्ही शिकवणारेही एकमेकांकडे बघत राहिलो.

गटाची वही मागितली. त्यांनी नग पुसला नव्हता, शेंदुरासकट वरून खरवडून घेतला होता. सकाळी ट्यूबच्या तळाशी टणक कण तसेच राहिले होते, आणि त्यांनी ‘केराटिन असावं’ असं समजून वरचं द्रावण पुढे नेलं होतं. समजूत अगदीच चुकीची नव्हती. केस किंवा नख असेल तर डीटीटी हे रसायन घातल्याशिवाय ते विरघळत नाही, हे आम्हीच आदल्या दिवशी सांगितलं होतं. पण ‘कण विरघळले नाहीत’ हे निरीक्षण वहीत नव्हतं, तोंडीच होतं.

मग ख ची तपासणी नव्याने, तीन भागांत केली. वरच्या शेंदुराचा ओल्या कापसाने पुसा घेतला. नंतर पृष्ठभाग पातळ ब्लीचने आणि पाण्याने धुऊन, नवीन पात्याने आतला भाग खरवडला. तिसरा नमुना डबीच्या तळाशी साचलेल्या सुट्या शेंदुराचा. पुशातून घोरपड आली. आतल्या भागातून काहीच आलं नाही, आणि शेळीची चाचणी लावून तिथे अडथळा नसल्याची खात्री केली. सुट्या शेंदुरातून पुन्हा घोरपड. जप्तीच्या दिवसापासून, कदाचित दुकानातल्या दिवसांपासूनच, खऱ्या आणि खोट्या हाथाजोड्या एकाच तेलकट शेंदुरात एकमेकींवर घासत पडल्या होत्या. खऱ्यांचे सुकलेले कण शेंदुरात उतरले आणि तिथून प्लास्टिकवर चढले. डीएनए खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलेला प्रश्न होता ‘या खरवडीत कोणाचा अंश आहे’, आणि वाचणारे सगळे समजत होते ‘ही वस्तू कशाची आहे’.

इथे वनक्षेत्रपालांनी जो प्रश्न विचारला तो मला या शिबिरातला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी विचारलं, ख वरची घोरपड क किंवा ग यांच्यातलीच कशावरून? दुकानदाराच्या हातून आधी गेलेल्या तिसऱ्याच जनावराची नसेल कशावरून?

त्यासाठी सिक्वेन्स शेजारी शेजारी मांडले. क आणि ग मध्ये दोन ठिकाणी अक्षरं वेगळी होती, म्हणजे त्या दोन वेगळ्या मातृवंशांच्या घोरपडी. ख वरचा पुसा क शी तंतोतंत जुळत होता. क मधून आला असावा, याला हे धरून आहे. पण मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून जसाच्या तसा येतो. एकाच परिसरातल्या कितीतरी घोरपडींचा तो सारखा असू शकतो. त्यामुळे ‘क मधूनच आला’ असं लिहिता येत नाही. ख वरची अक्षरं क आणि ग दोघांपेक्षा वेगळी निघाली असती, तर मात्र डबीत एकेकाळी तिसरी घोरपड होती असं ठामपणे म्हणता आलं असतं. तपासाची सगळी दिशाच त्याने बदलली असती.

“मग मॅडम, दोनच जोड्या धरायच्या?” त्यांनी विचारलं. हो, दोनच. ख च्या पहिल्या निकालावर विसंबून तीन धरल्या असत्या तर एका माणसावर न मारलेल्या जनावराचा आरोप आला असता. बचावाच्या वकिलाने उलटतपासणीत तो नग सगळ्यांसमोर मोडून दाखवला असता, आतून प्लास्टिक निघालं असतं, आणि त्या एका नगाबरोबर क आणि ग वरचाही विश्वास गेला असता. शासकीय तज्ज्ञाचा अहवाल नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ खाली पुराव्यात थेट वाचला जातो, पण न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकतं आणि बोलावतंही. प्लास्टिक विकणं हा घोरपडीचा गुन्हा नाही. गिऱ्हाइकाची फसवणूक आहे का, ते पोलिसांनी पाहायचं.

घोरपडी कशा मारल्या जातात ते मी पाहिलेल्या नमुन्यांवरून मला कळतं, आणि या व्यापारावर माझा राग आहे. तो राग आहे म्हणूनच मला तिसरी जोडी नको. दोन खऱ्या घोरपडींना न्याय मिळायचा तर त्यांच्या शेजारी खोटी उभी करून चालत नाही.

ख चा अहवाल गटाने तीनदा लिहिला. पहिल्यात होतं, ‘नमुना ख भारतीय घोरपडीचा आहे.’ दुसऱ्यात, ‘नमुना ख बनावट आहे.’ तोही अपुरा, कारण त्यात शेंदुरातली घोरपड हरवली. शेवटी ठरलं ते असं: ‘नग ख प्लास्टिकसदृश पदार्थाचा असून त्यावर साच्याची शिवण दिसते. पृष्ठभागावरील शेंदुराच्या थरात भारतीय घोरपडीचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए आढळला. नगाच्या आतील भागातून कशेरुकी प्राण्याचा डीएनए मिळाला नाही. पृष्ठभागावरील डीएनए संपर्काने आलेला असू शकतो.’ लांब आहे, पण त्यातलं प्रत्येक वाक्य साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून म्हणता येतं.

शेवटच्या दुपारी प्रयोगशाळा सहायकांना बाजूला बसवलं आणि डबी वनखात्याच्या लोकांकडे दिली. जप्ती आत्ता, तुमच्या हातून झाली असं समजून बांधा, एवढंच सांगितलं. पालघरच्या एका वनरक्षक ताईंनी आधी उघड्या डबीचा, प्रत्येक नग जागच्या जागी असताना, मोजपट्टी ठेवून फोटो काढला. मग दर नगाला नवा चिमटा, नवी कागदी पाकिटं. प्लास्टिकची पिशवी कुणीतरी पुढे केली ती त्यांनी परत केली, कारण मुंबईच्या पावसाळ्यात प्लास्टिकला आतून घाम सुटतो आणि बुरशी नमुना खाते. डीएनए बिघडवणाऱ्या फॉर्मॅलिनचं नाव कुणी काढलंच नाही, तेवढं आता पक्कं बसलं आहे. सुटा शेंदूर वेगळ्या पाकिटात, रिकामी डबी वेगळी, झाकण वेगळं. पंचनाम्याच्या एका ओळीच्या सात ओळी झाल्या.

एका मुद्द्यावर मात्र एकमत झालं नाही. काहींचं म्हणणं, जागेवरच शेंदूर पुसून शिवण पाहावी, म्हणजे बनावट नग प्रयोगशाळेत जाणारच नाहीत आणि गर्दी कमी होईल. मी याच्या विरोधात आहे. पुसलेला शेंदूर परत येत नाही, आणि या प्रकरणात अर्धी माहिती त्या शेंदुरातच होती. शिवण वरून दिसत असेल तर ती पंचनाम्यात लिहावी आणि फोटो घ्यावा. हात लावायचं काम प्रयोगशाळेवर सोडावं. वनक्षेत्रपालांना हे पटलेलं नाही. त्यांच्याकडे पडून असलेल्या नमुन्यांची यादी लांब आहे, आणि त्यांची अडचण खरी आहे. पुढच्या शिबिरात त्यांच्याच यादीतले काही नग घेऊन दोन्ही पद्धती शेजारी शेजारी करून पाहायचं ठरलं आहे.